ह्यूगी, योसेफ

ह्यूगी, योसेफ : (१९३०–१९९५). स्वित्झर्लंडचा आघाडीचा फुटबॉलपटू. जन्म बाझेलला लागून असलेल्या रीएन येथे. लोक त्याला ‘सेप्पे’ म्हणत. १९४८ ते १९६२ तो एफ. सी. बाझेलकडून खेळला. या क्लबने १९५२-५३ मध्ये राष्ट्रीय अजिंक्यपद प्रथमच जिंकले, तेव्हा रने बाडर हा संघाचा खेळाडूही होता आणि प्रशिक्षकही. गोल करण्याचे काम मात्र मुख्यतः ह्यूगीचे.

राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक कार्ल राप्पान ‘व्हेरू’ पद्धतीसाठी प्रसिद्ध होता. व्हेरू म्हणजे अडसर. मागे एक जादा बचावपटू ठेवून गोलची वाट बंद करायची. अशा संघात आघाडीवाल्याला संधी थोड्याच मिळतात, म्हणून १९५४ च्या विश्वचषकातील ह्यूगीची कामगिरी अधिकच मोठी वाटते. स्पर्धा मायदेशातच होती. इटलीविरुद्ध लोझानला २-१ असा विजय मिळाला, त्यातला निर्णायक गोल त्याचा. पुढे इटलीशीच पुन्हा गाठ पडली, ती त्याच्या बाझेलमध्ये. तिथे स्वित्झर्लंडने ४-१ अशी बाजी मारली आणि त्याने दोन गोल केले.

२६ जून रोजी लोझानला ऑस्ट्रियाविरुद्ध उपांत्यपूर्व सामना झाला. त्या दिवशी ऊन असह्य होते. रोबेर बालामानने १६ व्या मिनिटाला पहिला गोल केला; १७ व्या आणि १९ व्या मिनिटाला ह्यूगीने भर घातली. ३-०! ऑस्ट्रियाचा गोलरक्षक कुर्ट श्मीट याला ऊन लागले होते, पण बदली खेळाडू घेण्याची मुभा तेव्हा नव्हती. तरीही २५ व्या मिनिटापासून दहा मिनिटांच्या आत ऑस्ट्रियाने पाच गोल चढवले. अडसर पार मोडून पडला. उत्तरार्धात ह्यूगीने तिसरा गोल करून अंतर ६-५ वर आणले, पण सामना ७-५ असा ऑस्ट्रियाने जिंकला. विश्वचषकाच्या एका सामन्यात इतके, म्हणजे बारा गोल, आजवर पुन्हा झालेले नाहीत. तीन गोल करूनही हरलेल्या ह्यूगीचे दुःख आकड्यांत दिसत नाही.

त्या स्पर्धेत त्याचे सहा गोल झाले. १९६० मध्ये बाझेललाच फ्रान्सवरील ६-२ अशा विजयात त्याने एकट्याने पाच गोल केले. विश्वचषकात हॅटट्रिक करणारा दुसरा स्विस खेळाडू मिळायला २०१४ साल उजाडले. तो जेर्दान शाकिरी. त्याची कारकीर्दही बाझेलमध्येच सुरू झाली होती.