खाणीचं उपसलेलं पाणी: वापरलं की परत मुरवलं?

खनिज भूजलपातळीच्या खाली असलं की आधी पाणी उपसायचं आणि मगच खोदायचं. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या पिलबारा भागात लोहखनिजाच्या खाणींभोवती त्यासाठी बोअर मारलेले असतात. खनिज धुवायला आणि रस्त्यावरची धूळ दाबायला घेऊनही बऱ्याच खाणींत पाणी उरतं. त्याचं पुढे काय केलं, याला दोन उत्तरं असतात आणि ‘पाणी वाया घालवलं नाही’ म्हटलं की दोन्ही सारखीच वाटतात.

पहिलं उत्तर पुनर्वापराचं. रिओ टिंटो या खाण कंपनीने तिथल्या मरांडू खाणीच्या जादा पाण्यावर ऱ्होड्स गवत पिकवलं, गुरांच्या चाऱ्यासाठी. रखरखीत मुलखात हिरवीगार वर्तुळं. काम उपयोगाचं, यात वाद नाही. पण त्यातलं बहुतेक पाणी पानांवाटे हवेत जातं. भूजलाच्या खात्यात ते खर्चीच पडतं.

दुसरं पुनर्भरण, आणि खरी डोकेदुखी इथे आहे. फोर्टेस्क्यू कंपनीच्या, पिलबारातल्याच क्लाउडब्रेक खाणीत उपसलेलं पाणी वेगळ्या बोअरमधून पुन्हा जमिनीखाली सोडतात. मचूळ पाणी मचूळ थरात, खारं पाणी खाऱ्या थरात. अदलाबदल झाली की बरा असलेला थरही नासतो. बोअर खाणीला फार जवळ असला, तर सोडलेलं पाणी झिरपून खड्ड्याकडेच परत येतं आणि पंप तेच पाणी पुन्हा उपसत बसतो. पाण्याबरोबर हवा आत गेली किंवा बोअरच्या जाळीवर लोहजीवाणूंचा बुळबुळीत थर चढला, की बोअर तुंबतो. भरलं जास्त, तर पातळी वर चढून झाडांची मुळं गुदमरतात. म्हणून आजूबाजूच्या निरीक्षण विहिरी सतत मोजाव्या लागतात. गवत पिकवणं त्या मानाने सोपं.

आपल्याकडे वेकोलिने (वेस्टर्न कोलफिल्ड्स लिमिटेड या सरकारी कोळसा कंपनीने) नागपूरजवळ पाटणसावंगीला २०१६ साली खाणीचं पाणी शुद्ध करून ‘कोल नीर’ नावाने बाटलीत भरायला सुरुवात केली. चांगलंच आहे, पण हा पुनर्वापर झाला; त्याने शेजारच्या शेतातली विहीर भरत नाही.

फरक खाण बंद झाल्यावर जास्त जाणवतो. पंप थांबले की खड्डा आणि भोवतालचा रिकामा झालेला थर पुन्हा भरू लागतो, याला अनेक वर्षं लागू शकतात. त्याच थरात आधीपासून पाणी परत सोडलं असेल, तर भरून काढायची तूट तेवढी कमी असते.