तयार डेस्कटॉप की असेंबल केलेला? गोव्यातल्या जुन्या प्रश्नाची पार्श्वभूमी

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित आधार, म्हणजे सुरक्षेची अपडेट देणे, थांबवला आणि व्यवस्थित चालणारे असंख्य डेस्कटॉप एका दिवसात जुने ठरले. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचे आठव्या पिढीआधीचे जवळजवळ सगळे प्रोसेसर तिच्या यादीबाहेर राहतात. त्यामुळे गोव्यात घर, शाळा किंवा हिशेबाच्या कचेरीसाठी नवे यंत्र घेणाऱ्यापुढे जुनाच प्रश्न पुन्हा उभा राहिला आहे. कंपनीचा तयार डेस्कटॉप घ्यावा, की भाग निवडून दुकानातून असेंबल करून घ्यावा? केवळ आजचे भाव पाहून याचे उत्तर शोधू नये, असे मला वाटते. हा प्रश्न घडत गेला त्याला चाळीस वर्षांहून अधिक काळ लोटला आहे.

सुरुवात जोडणीपासूनच झाली. १९७५ चा अल्टेअर ८८०० मुख्यतः सुट्या भागांच्या संचात मिळे आणि घेणारा तो स्वतः सोल्डर करून उभा करी. १९७७ मध्ये ॲपल टू, कमोडोर पेट आणि टीआरएस-८० ही तयार यंत्रे आली. खरे वळण ऑगस्ट १९८१ मध्ये आले. आयबीएमने आपला पर्सनल कॉम्प्युटर बाजारात सहज मिळणाऱ्या भागांतून बांधला. त्यात इंटेलचा ८०८८ प्रोसेसर आणि मायक्रोसॉफ्टची डॉस ही ऑपरेटिंग सिस्टिम होती, शिवाय नवी कार्डे बसवायला मोकळे स्लॉट होते. त्याची तांत्रिक पुस्तिकाही आयबीएमने छापून विकली. राखून ठेवलेली गोष्ट एकच, ती म्हणजे बायोस, यंत्र सुरू करणारा त्याच्यातला मूळ प्रोग्राम. कॉम्पॅकने नक्कल न करता तिच्याच बरहुकूम चालणारी बायोस नव्याने लिहून घेतली आणि १९८३ मध्ये आपले यंत्र विकायला काढले. पुढच्या वर्षी फिनिक्सने तशी बायोस इतर उत्पादकांनाही द्यायला सुरुवात केली. तिथून तैवानच्या मदरबोर्डांचा, म्हणजे सगळे भाग ज्यावर बसतात त्या मुख्य बोर्डांचा, पूर सुरू झाला. १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स हे मानक आणले. बोर्डाचा आकार, स्क्रूच्या भोकांच्या जागा, वीजपुरवठ्याचा जोड हे सगळे त्याने ठरवून दिले. गल्लीतल्या दुकानदाराला यंत्र जुळवता येऊ लागले ते या मानकांच्या बळावर.

भारतात या कथेला करांची बाजू आहे. परकीय चलन नियमन कायद्याच्या अटी न मानता आयबीएम १९७८ मध्ये इथून गेली. एचसीएल, विप्रो यांसारख्या देशी कंपन्यांनी ती जागा घेतली. नोव्हेंबर १९८४ च्या संगणक धोरणाने आयात थोडी सैल केली, तरी यंत्र सामान्य घराच्या आवाक्याबाहेरच राहिले. नव्वदच्या दशकात ब्रँडेड यंत्राच्या किमतीत अबकारी शुल्क, कंपनीचा नफा, विक्रेत्याचे कमिशन आणि विंडोजचा परवाना असे सगळे धरलेले असे. असेंबल केलेल्या यंत्रात यातले बरेच टळे, काही कायदेशीर वाटेने आणि काही सरळ चोरीच्या विंडोजमुळे. १९९७ मध्ये भारत माहिती तंत्रज्ञान करार या आंतरराष्ट्रीय करारात सामील झाला आणि २००५ पर्यंत संगणक व त्याच्या भागांवरील आयातशुल्क शून्यावर आले. मग दोन्हींतले अंतर झपाट्याने कमी झाले.

गोव्याची गंमत अशी, की संगणक बनवणारे कारखाने इथे होते. प्राप्तिकर कायद्याने औद्योगिकदृष्ट्या मागास ठरवलेल्या राज्यांच्या यादीत गोवा असल्याने उद्योगांना सवलत मिळे. झेनिथ या संगणक कंपनीचा कारखाना गोव्यात होता आणि वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत डी-लिंक, स्मार्टलिंक यांसारख्या नेटवर्कचे सामान बनवणाऱ्या कंपन्याही आल्या. म्हापसा-फोंड्याच्या दुकानदाराची नजर मात्र मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारावर असे. रॅम (यंत्राची मेमरी), हार्ड डिस्क, कॅबिनेट तिथल्या भावाने ठरत आणि माल रात्रीच्या बसने येई.

आपल्या भाषेपुरते बोलायचे तर असेंबल केलेल्या यंत्राचे ऋण मोठे आहे. डॉसच्या काळात देवनागरी पडद्यावर आणायची तर सी-डॅक या सरकारी संस्थेचे जिस्ट कार्ड मदरबोर्डच्या स्लॉटमध्ये बसवावे लागे. मराठी शब्दशः एका कार्डावर येत असे, आणि ते बसवायला मोकळा स्लॉट हवा असे. पुढे विंडोजवर देवनागरीचे डीटीपी (छपाईची पाने जुळवण्याचे) सॉफ्टवेअर आले तेव्हा त्याबरोबर प्रिंटरच्या (पॅरलल) पोर्टला लावायचे हार्डवेअर लॉक मिळे. ते लॉक हरवले की सॉफ्टवेअर बंद. लग्नपत्रिका, जत्रेतल्या नाटकांची हस्तपत्रके, देवस्थानांच्या वर्गणीच्या पावत्या छापणाऱ्याला म्हणून जुना पॅरलल पोर्ट असलेला बोर्डच लागे. नव्या तयार यंत्रांतून तो पोर्ट नाहीसा होऊ लागला, तेव्हा स्लॉटमध्ये पोर्टचे कार्ड घालून देणारा जवळचा तंत्रज्ञच उपयोगी पडला. ही माणसे नसती तर मराठी छपाई इतक्या लवकर संगणकावर आली नसती, असे मी ठामपणे म्हणेन.

तयार यंत्राच्या बाजूने गोव्यातली मोठी घटना म्हणजे सायबरएज योजना. मनोहर पर्रीकर मुख्यमंत्री असताना, २००२ च्या सुमारास, अकरावीच्या विद्यार्थ्यांना अवघ्या १,००० रुपयांत डेस्कटॉप मिळू लागले. ज्या घरांनी संगणक विकत घेण्याचा विचारही केला नसता, तिथे यंत्र पोचले. एकाच प्रकारची यंत्रे एकगठ्ठा घ्यायची तर तयार यंत्राला पर्याय नव्हता. वॉरंटी संपल्यावर मात्र त्यांचे काय, हा प्रश्न प्रत्येक घराने आपापला सोडवायचा होता.

तो प्रश्न इथल्या हवेमुळे अधिक टोचतो. जून ते सप्टेंबर दमट हवा, किनाऱ्यालगत खारा वारा, विजेचे चढउतार. रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर थर बसतो आणि यंत्र सुरूच होत नाही. तंत्रज्ञ साध्या खोडरबराने त्या पट्ट्या घासून ते चालू करतो. एसएमपीएस, म्हणजे यंत्राला वीज पुरवणारा डबा, तर पावसाळ्यात हमखास जाणारा भाग. एटीएक्स मानकाचा असेल तर तो त्याच दिवशी बदलता येतो. पण तयार यंत्रांत मानक पाळलेच जाते असे नाही. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस डेलने काही मॉडेलांत जोड एटीएक्ससारखाच ठेवला, पण आतल्या तारांचा क्रम बदलला. बाहेरचा एसएमपीएस लावला तर बोर्ड जळण्याची भीती असे. आजही अनेक मोठ्या ब्रँडांच्या कचेरी-मॉडेलांत बोर्ड, एसएमपीएस आणि त्यांचे जोड स्वतःच्या घडणीचे असतात. तो भाग बाहेरून मागवायचा म्हणजे तोवर काम बंद.

२०२० नंतर पारडे काही काळ उलटे झुकले. ग्राफिक्स कार्डांची इतकी टंचाई झाली, की कार्डासकट तयार यंत्र सुट्या कार्डापेक्षा परवडू लागले. आता मेमरीची पाळी आहे. एआयच्या सर्व्हरांसाठी मागणी वाढल्याने रॅमचे भाव चढले आणि डिसेंबर २०२५ मध्ये मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉनने क्रूशल हा ग्राहकांसाठीचा आपला ब्रँड बंद करण्याचे जाहीर केले. मोठ्या कंपन्यांचे खरेदीचे करार आधीचे असतात, म्हणून जुन्या साठ्यातले तयार यंत्र सध्या स्वस्त पडू शकते.

वॉरंटीचा हिशेब मात्र नीट मांडावा. तयार यंत्राला बहुधा एक किंवा तीन वर्षांची, पण सगळ्या यंत्राची एकच हमी असते. असेंबल केलेल्यात प्रोसेसर आणि बोर्डाला साधारण तीन वर्षे, चांगल्या एसएमपीएसला पाच किंवा त्याहून जास्त, रॅमला आणखी लांब मुदत मिळते. मात्र दोष नेमका कुठे आहे हे शोधून देणारा माणूस लागतो. शाळा, सहकारी पतसंस्था, सीएची कचेरी यांनी परवान्यासह आलेले तयार यंत्र घ्यावे आणि घरपोच सेवा आपल्या पिनकोडला मिळते का, हे लेखी विचारून घ्यावे. पेडणे, काणकोण, सत्तरी अशा दूरच्या तालुक्यांतल्या लोकांनी तर नक्कीच. डीटीपी करणाऱ्याने, अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने आणि पाच-सात वर्षे यंत्र वापरणाऱ्या घराने भाग निवडूनच यंत्र बांधून घ्यावे, असे माझे मत आहे. तयारच घ्यायचे ठरले तर पैसे देण्याआधी बाजूचे झाकण उघडून पाहावे. बोर्डाला जाणारा वीजजोड २४ पिनांचा आहे का, रॅमचा एक तरी स्लॉट मोकळा आहे का, दुसरी एसएसडी (फाइली साठवणारी डिस्क) बसेल का? रॅमचे भाव उतरले की त्या मोकळ्या स्लॉटमध्ये दुसरी पट्टी पुढे केव्हाही घालता येते.