शाळकरी मुलांच्या हृदयाची तपासणी: स्टेथोस्कोप, इको आणि एकविसावा दिवस

घसादुखीतून हृदयाची झडप बिघडते, हे पालकांना चटकन पटत नाही, कारण दोन्हींच्या मध्ये बरेच दिवस जातात. ‘अ’ गटातल्या स्ट्रेप्टोकोकस जंतूने सुजलेला घसा आठवड्याभरात बरा होतो. दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो आणि गुडघा, घोटा, कोपर असे सांधे एकामागून एक धरतात. हा रुमॅटिक ताप, आणि त्यातून झडप बिघडली की तो रुमॅटिक हृदयरोग. पुढे सांधे पूर्ण मोकळे होतात, झडप मात्र तशी सुटत नाही. जंतूंशी लढायला तयार झालेली प्रतिपिंडे हृदयाच्या ऊतींवरही उलटतात, आणि ताप पुन्हा उलटला की मायट्रल झडपेवर, म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधल्या झडपेवर, आणखी एक व्रण पडतो. हा ताप मुख्यतः ५ ते १५ वयात येतो, म्हणून तपासणी शाळेतच करायची.

१९४४ मध्ये डॉ. डकेट जोन्स यांनी या तापाच्या निदानाचे निकष मांडले. पण आजार शोधण्याला खरा अर्थ आला तो १९५० च्या दशकात, बेंझाथिन पेनिसिलीन हाती आल्यावर. एका इंजेक्शनचा अंमल सुमारे तीन आठवडे राहतो आणि तेवढ्या काळात नवा संसर्ग होत नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने १९७० च्या दशकापासून शाळांमध्ये सर्वेक्षणे केली, ती स्टेथोस्कोपवरच.

स्टेथोस्कोपची मर्यादा वर्गात लगेच कळते. मायट्रल झडपेची गळती, म्हणजे झडप नीट न मिटल्याने मागे फिरणारे रक्त, ऐकायची तर मुलाला डाव्या कुशीवर निजवून, सदरा काढून, श्वास सोडून थांबायला सांगावे लागते. शेजारी पाढे चालू असतील तर हलका मर्मर (ठोक्यांमधला फुसफुस आवाज) निसटतो. उलट रक्त कमी असलेल्या किंवा ताप असलेल्या मुलात निरोगी हृदयातूनही आवाज येतो. २००७ मध्ये कंबोडिया आणि मोझांबिकमधला अभ्यास प्रसिद्ध झाला: कानाने हजारी दोन-अडीच मुले सापडली, तर इकोने, म्हणजे ध्वनिलहरींनी हृदयाचे चित्र दाखवणाऱ्या तपासणीने, अनुक्रमे सुमारे २१ आणि ३०. मग प्रश्न आला, एवढ्याशा गळतीला आजार म्हणायचे का? निरोगी मुलातही थोडी गळती दिसते. म्हणून २०१२ मध्ये जागतिक हृदय महासंघाने मापे ठरवली: मायट्रल गळतीचा झोत किमान २ सेंमी, दोन कोनांतून दिसणारा. २०२३ च्या सुधारणेत ३० किलोंखालच्या मुलांसाठी हे माप १.५ सेंमी झाले. अशा सुप्त, फक्त इकोवर दिसणाऱ्या आजारात पेनिसिलीनच्या इंजेक्शनचा उपयोग होतो का, याचे उत्तर २०२१ मध्ये युगांडातून मिळाले. दोन वर्षांत आजार पुढे सरकला तो इंजेक्शन घेणाऱ्या ०.८ टक्के मुलांत, न घेणाऱ्या ८.२ टक्के मुलांत.

आपल्याकडे २०१३ मध्ये पालघरला सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत हा आजार आहे. पथकात एक पुरुष व एक महिला डॉक्टर असतात. मोठ्या मुलींच्या तपासणीसाठी हे फार गरजेचे. शाळेत पथक वर्षातून एकदा येते. त्या दिवशी गैरहजर मूल राहून जाते, म्हणून हजेरीपटाशी ताडून पाहिलेच पाहिजे.

सातारा-सांगलीत मुले खरी निसटतात ती त्यानंतर. संशयित मुलाला इकोसाठी साताऱ्याला किंवा मिरजेला न्यायचे, तर घरच्यांचा दिवसाचा रोज बुडतो. निदान झाले की दर २१ दिवसांनी इंजेक्शन, झडप बिघडली असेल तर चाळिशीपर्यंतही. मोठ्या मुलाला १२ लाख युनिट, लहानाला ६ लाख. पावडर पाण्यात कालवली की दाट होते, खाली बसते आणि बारीक सुई तुंबते. म्हणून जाड सुई घेऊन लगेच, कुल्ल्याच्या स्नायूत खोल द्यावे लागते. फार दुखते, त्यामुळे मुले दडून बसतात. तीव्र ॲलर्जी क्वचितच होते, पण तिच्या धास्तीने अनेक ठिकाणी ते देण्याचेच टाळतात. अशा ॲलर्जीवरचे तातडीचे औषध, ॲड्रेनालिन, हाताशी ठेवावे आणि मुलाला अर्धा तास बसवून ठेवावे.

ऊसतोडीच्या हंगामात तर आई-वडिलांबरोबर मूलही गाव सोडून कोपीत, म्हणजे फडाजवळच्या खोपटात, राहायला जाते आणि इंजेक्शनचा खंड नेमका तिथे पडतो. अशा मुलाच्या पालकांकडे निदान, मात्रा, मागच्या इंजेक्शनची आणि पुढची तारीख लिहिलेले कार्ड द्यावे. टोळी कोणत्या कारखान्यावर जाणार हे आधी विचारून तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्राला फोन करावा, तोही मुलाचा एकविसावा दिवस उजाडण्याआधी.