शिफ्ट इन्चार्ज

चोवीस तास चालणाऱ्या कारखान्यात एका पाळीपुरता सगळा प्लँट ज्याच्या ताब्यात असतो, तो अधिकारी म्हणजे शिफ्ट इन्चार्ज. ‘पाळीप्रमुख’ हा मराठी शब्द कागदावर सापडतो. बडोद्याच्या रसायन पट्ट्यात, म्हणजे कोयली, बाजवा, रणोली, नंदेसरी या भागात तो कुणाच्या तोंडी नाही. तिथे ‘इन्चार्ज’ म्हणतात, नाहीतर नुसते ‘साहेब’. उतरंडीत त्याची जागा मधली. वर प्लँट मॅनेजर आणि त्याच्याही वर प्रॉडक्शन हेड. खाली नियंत्रण कक्षातला पॅनेल ऑपरेटर, बाहेर प्लँटमध्ये फिरणारा फील्ड ऑपरेटर, कंत्राटी हेल्पर. मात्र वरची मंडळी जनरल शिफ्टची, म्हणजे फक्त दिवसाच्या पाळीची असतात. संध्याकाळी त्यांची बस गेटबाहेर पडली, की सकाळपर्यंत प्लँट चालवायचा की बंद करायचा हे इन्चार्जच ठरवतो. फोन करून साहेबांना उठवता येते, पण प्रेशर चढत असताना फोन उचलला जाण्याची वाट बघता येत नाही.

हे पद प्रक्रिया उद्योगातच एवढे का वाढले, ते मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या मशीन शॉपशी ताडून पाहिले की कळते. तिथे लेथ बंद केली तर जॉब चकमध्ये तसाच राहतो आणि सकाळी काम पुढे सुरू होते. अमोनियाच्या किंवा तेलशुद्धीकरणाच्या प्लँटला ही सवलत नाही. एकदा ट्रिप झाला, म्हणजे अचानक बंद पडला, की तापमान आणि दाब पुन्हा पायरीपायरीने चढवावे लागतात, त्यात दिवस मोडतात, आणि चढवतानाचा काळच सर्वांत धोक्याचा असतो. म्हणून आठवड्याचे १६८ तास प्लँट चालतो. माणसाला कायद्याने आठवड्याला ४८ तासांची मर्यादा आहे. तीन गटांत हिशेब बसत नाही, कारण प्रत्येकाला ५६ तास येतात. चार गट केले की ४२ वर भागते. एक गट सुट्टीवर आणि तीन कामावर, अशी रहाटगाडग्यासारखी फिरती रोस्टर, म्हणजे पाळ्यांची यादी, त्यातून निघते.

असा मधल्या फळीचा तंत्रज्ञ बडोद्यात तयार होऊ लागला तो १८९० पासून. त्या वर्षी सयाजीराव गायकवाडांनी कलाभवन ही तंत्रशिक्षणाची संस्था सुरू केली आणि ती रसायनतज्ज्ञ त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर यांच्या हाती सोपवली. शिक्षण मातृभाषेतून द्यावे, असा गज्जरांचा आग्रह होता. पुढे १९०७ मध्ये गज्जर, कोटिभास्कर आणि भाईलालभाई अमीन यांनी अलेम्बिक ही रसायन कंपनी उभी केली. पदवी मिळाली की कचेरी, हा तेव्हाचा सरळ रस्ता होता. रंग उकळणाऱ्या कढईपाशी शिकलेला माणूस उभा करणे ही कलाभवनाची खरी करामत म्हटली पाहिजे. ती संस्था आज महाराजा सयाजीराव विद्यापीठाची तंत्रज्ञान व अभियांत्रिकी विद्याशाखा आहे.

पाळ्यांचे शहर मात्र बडोदे नंतर झाले. सोव्हिएत साहाय्याने उभी राहिलेली कोयलीची रिफायनरी १९६५ मध्ये चालू झाली. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या गुजरात स्टेट फर्टिलायझर्सचे उत्पादन १९६७ मध्ये सुरू झाले, आणि १९६९ मध्ये इंडियन पेट्रोकेमिकल्स आली. दांडिया बाजार, रावपुऱ्यातल्या मराठी घरांना हा बदल चांगला ओळखीचा आहे. आजोबा संस्थानच्या नोकरीत आणि नातू ‘सी’ शिफ्टला, म्हणजे रात्रपाळीला, अशी घरे तिथे सहज सापडतात.

कायद्याच्या नजरेला शिफ्ट इन्चार्ज जवळजवळ दिसतच नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या संहिता लागू होईपर्यंत चाललेला १९४८ चा कारखाना अधिनियम ओळखत होता तो भोगवटादाराला, म्हणजे कारखान्यावर अंतिम ताबा असणाऱ्याला, आणि मॅनेजरला. कंपनी असेल तर भोगवटादार संचालकांपैकीच एक असावा लागे. १९८७ ची ही दुरुस्ती भोपाळनंतरची. मॅनेजरचे नाव निरीक्षकाला कळवायचे असे, आणि तो नेमलेला नसेल तर प्रत्यक्ष मॅनेजरचे काम करताना जो आढळेल तोच मॅनेजर समजला जाई. उलट कलम ६४ खाली देखरेखीच्या किंवा व्यवस्थापनाच्या जागेवरच्या लोकांना कामाच्या तासांच्या तरतुदींतून वगळता येई. ऑपरेटरला मिळणारा दुप्पट दराचा ओव्हरटाइम इन्चार्जला बहुधा मिळत नसे, तो यामुळे. मग तो कामगार की व्यवस्थापन? १९४७ च्या औद्योगिक विवाद अधिनियमात, २०१० च्या दुरुस्तीनंतर, महिना १०,००० रुपयांहून अधिक पगार घेणारा पर्यवेक्षक ‘कामगार’ ठरत नव्हता. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेत हा आकडा १८,००० झाला. न्यायालये हुद्द्याच्या पाटीपेक्षा माणूस मुख्यतः काय काम करतो ते बघतात. रजा मंजूर करायचा अधिकार नाही, मात्र अपघात झाला तर पहिला जबाब त्याचा, अशी या पदाची गत आहे.

इन्चार्जच्या आठ तासांत वजनदार मिनिटे असतात ती पहिली पंधरा आणि शेवटची पंधरा. यालाच ‘चार्ज घेणे’ आणि ‘चार्ज देणे’ म्हणतात. लॉगबुक इंग्रजीत असते आणि त्यात मजकूर तोकडा: अमुक पंपाचे सील गळते, मेकॅनिकलला दिला, फ्यूज काढला, टॅग लावला. सांगायचे खरे ते तोंडी सांगितले जाते, एरवी गुजरातीत आणि दोघेही मराठी असले तर मराठीत. ‘तीन नंबरचा व्हॉल्व्ह पॅनेलवर चाळीस टक्के दाखवतोय, पण अडकतो. बाहेर माणूस उभा कर आणि मगच हलव.’ हे वाक्य कुठल्याही छापील नमुन्यात बसत नाही. जुना इन्चार्ज चार्ज घेताना आधी खुर्चीत बसत नाही. तो हेल्मेट घालून प्लँटमध्ये एक फेरी मारतो, पंपाच्या बेअरिंगवर हात ठेवतो, ड्रेनपाशी वास घेतो आणि मग सही करतो.

हे बोलणे राहून गेले तर काय होते, याचे सगळ्या जगाला माहीत असलेले उदाहरण उत्तर समुद्रातले. ६ जुलै १९८८ रोजी पायपर अल्फा या तेलमंचावर दिवसपाळीने एका पंपाचा सुरक्षा व्हॉल्व्ह दुरुस्तीसाठी काढला होता आणि त्या जागी नुसती झाकणी बसवली होती. रात्रपाळीला ते कळले नाही. दुसरा पंप बंद पडला, म्हणून त्यांनी हाच सुरू केला. वायू सुटला, स्फोट झाला आणि १६७ माणसे गेली. १९९० मध्ये आलेल्या कलन चौकशी अहवालात १०६ शिफारशी होत्या, आणि पाळी बदलताना परमिट, म्हणजे कामाचा लेखी परवाना, हातोहात सोपवण्यावर त्यात बरेच बोट ठेवले होते. आज वेल्डिंगचे हॉट वर्क परमिट किंवा टाकीत उतरण्याचे परमिट पाळी बदलली की पुन्हा तपासून त्यावर नवी सही घेतात, ते याच धाग्यातले. धोका दिसताच यंत्र आपोआप थांबवणारा इंटरलॉक बायपास केला, म्हणजे निकामी ठेवला असेल तर त्याची नोंद वेगळ्या रजिस्टरात करतात. ‘थोड्या वेळापुरता’ म्हणून केलेला बायपास तीन पाळ्यांनंतर कुणाच्याच लक्षात राहत नाही.

नव्या प्लँटमध्ये लॉग संगणकावर आला आहे आणि आकडे आपोआप भरले जातात. सोय झाली खरी, पण आकडे बघितलेले नसतानाही पान भरलेले दिसते.

रिलीव्हर, म्हणजे पुढच्या पाळीचा इन्चार्ज, आला नाही तर इन्चार्जला जागा सोडता येत नाही, मग डबल पाळी. त्यामुळे रोस्टर आखणे हे त्याच्या कामातले सर्वांत नाजूक काम. गणपतीत मराठी ऑपरेटरला विसर्जनाची संध्याकाळ मोकळी हवी असते, तर नवरात्रात सगळ्यांनाच नऊही रात्री. दुपारी दोन ते रात्री दहाच्या पाळीत काम करून गरब्याचा शेवटचा तासभर तरी हाती लागतो का, याचा हिशेब बसच्या वेळेवरून मांडला जातो. अदलाबदलीच्या चिठ्ठ्या घटस्थापनेच्या कितीतरी आधीच इन्चार्जच्या टेबलावर येऊन पडतात.