आयजीए नेफ्रोपॅथी: लाल लघवीपेक्षा फेसाळ लघवीची काळजी जास्त

घसा धरतो, ताप येतो आणि एक-दोन दिवसांतच लघवी काळ्या चहासारखी होते. तरुण वयात असे वारंवार घडत असेल, तर आयजीए नेफ्रोपॅथी या मूत्रपिंडाच्या आजाराची शंका घ्यायला हवी. स्ट्रेप्टोकॉकस या जिवाणूच्या संसर्गानंतर येणाऱ्या मूत्रपिंडदाहातही लघवी अशीच दिसते, पण तिथे मध्ये एक ते तीन आठवडे जातात आणि रक्तातले सी-३ हे प्रथिन बहुधा कमी होते. आयजीए नेफ्रोपॅथीत ते सहसा नॉर्मल राहते.

पॅरिसमध्ये झाँ बर्जे आणि निकोल इंग्ले यांनी १९६८ साली या आजाराचे पहिले वर्णन केले. आयजीए ही घसा, आतडे अशा ओलसर अस्तरांचे रक्षण करणारी प्रतिपिंडे. या रुग्णांत त्यांतल्या काही रेणूंवर गॅलॅक्टोज ही साखर पुरेशी नसते. शरीर अशा रेणूंना परके समजून त्यांच्याविरुद्धच प्रतिपिंडे बनवते. दोन्हींची गाठोडी मूत्रपिंडाच्या सूक्ष्म गाळण्यांत अडकतात, तिथे दाह होतो आणि पुढे व्रण राहतात.

लाल लघवीने माणूस घाबरतो, पण ती बहुतेकदा काही दिवसांत आपोआप निवळते. मूत्रपिंडाचे भवितव्य ठरते ते मुख्यतः लघवीतून सतत जाणाऱ्या प्रथिनांवर, आणि त्याची खूण म्हणजे न विरणारा फेस. अनेकांना तोही जाणवत नाही. नोकरीच्या किंवा विम्याच्या तपासणीत आजार सापडतो, तेव्हा रक्तदाब आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंड रक्तातून गाळून टाकते तो टाकाऊ पदार्थ) अनेकदा वाढलेले असतात. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या अभ्यासात भारतीय रुग्णांत हा आजार वेगाने पुढे सरकताना दिसला, म्हणून साध्या लघवी-तपासणीचे मोल आपल्याकडे फार आहे.

दिवसभरात किती प्रथिने जातात हे मोजण्यासाठी चोवीस तासांची लघवी गोळा करताना सकाळची पहिली टाकून द्यायची, वेळ लिहून ठेवायची, नंतरची प्रत्येक वेळची साठवायची आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळची धरून थांबायचे. एक वेळ जरी निसटली तरी आकडा खोटा कमी येतो. त्याच नमुन्यात क्रिएटिनिन मोजले तर हा घोटाळा उघड होतो.

निदान मात्र बायॉप्सीनेच, म्हणजे मूत्रपिंडाचा बारीक तुकडा काढून तपासल्यावरच, पक्के होते. ॲस्पिरिनसारखी रक्त पातळ करणारी औषधे डॉक्टरांच्या सल्ल्याने आधीच थांबवतात, रक्तदाब आटोक्यात आणतात. नमुन्याचा एक भाग इम्युनोफ्लोरेसन्ससाठी, म्हणजे चमकणाऱ्या रंगाने आयजीए दाखवणाऱ्या तपासणीसाठी, वेगळा ठेवावा लागतो. सगळाच फॉर्मेलिन या टिकवण्याच्या द्रावणात गेला तर आयजीए दाखवणे अवघड होते. इजा किती ते ठरवणाऱ्या ऑक्सफर्ड वर्गीकरणासाठी नमुन्यात किमान आठ गाळण्या हव्यात.

उपचाराचा पाया म्हणजे रॅमिप्रिल किंवा टेल्मिसार्टनच्या गटातले एक औषध, सोसेल त्या कमाल मात्रेपर्यंत, आणि दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ. हे औषध सुरू केल्यावर एक-दोन आठवड्यांत पोटॅशियम व क्रिएटिनिन पाहायलाच हवे. क्रिएटिनिन तीस टक्क्यांपर्यंत वाढले तर लगेच औषध सोडायचे कारण नसते. गरोदरपणात मात्र ते चालत नाही. उलट्या-जुलाब झाले की तात्पुरते थांबवण्याबद्दल डॉक्टरांना विचारावे. अंगदुखीसाठी परस्पर घेतलेली डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन मूत्रपिंडाला आणखी इजा करतात. लघवीतून जाणारी प्रथिने रोज अर्ध्या ग्रॅमच्या खाली आणणे हे लक्ष्य. स्टेरॉइडचा फायदा होतो, पण जास्त मात्रेत गंभीर संसर्ग होतात. स्टेरॉइडच्या ‘टेस्टिंग’ नावाच्या औषध-चाचणीत याच कारणाने मात्रा कमी करावी लागली. लहान आतड्याच्या शेवटच्या भागात विरघळणारे ब्युडेसोनाइड हे स्टेरॉइड २०२१ पासून अमेरिकेत मंजूर आहे.

प्रत्यारोपणानंतरही हा आजार नव्या मूत्रपिंडात परतू शकतो, कारण सदोष आयजीए मूत्रपिंडात नव्हे, शरीरात इतरत्र तयार होते. त्यामुळे क्रिएटिनिन उत्तम असले तरी लघवीतल्या प्रथिनांची तपासणी सुरूच ठेवावी लागते.