परदेशी मिशनसेवेसाठी दांपत्याची पूर्वतयारी (मराठवाडा)

परदेशात दीर्घकाळ राहून सुवार्ताप्रसार, शिक्षण, आरोग्यसेवा किंवा शास्त्रभाषांतर (बायबलचे भाषांतर) यांपैकी एखादे कार्य करण्यासाठी ख्रिस्ती पती-पत्नी आपली मंडळी (स्थानिक चर्च), पाठवणारी संस्था आणि कुटुंब यांच्या साहाय्याने जी आध्यात्मिक, शैक्षणिक, आर्थिक व कायदेशीर सिद्धता करतात, तिला दांपत्याची पूर्वतयारी असे म्हणता येईल. काही आठवड्यांच्या भेटीपेक्षा ही सेवा वेगळी असते. तिच्यात परकी भाषा शिकून, त्या समाजात घर करून आणि बहुधा तेथेच मुले वाढवून राहणे अभिप्रेत असते. त्यामुळे पाचारणाच्या, म्हणजे देवाने या सेवेसाठी बोलावल्याच्या, जाणिवेपासून प्रत्यक्ष प्रस्थानापर्यंत सहसा दोन ते चार वर्षे लागतात. मराठवाड्यातील मंडळ्यांच्या संदर्भात या विषयाला विशेष महत्त्व आहे, कारण हा प्रदेश दीर्घकाळ मिशनरी येण्याचा प्रदेश होता आणि येथून इतरांना पाठवण्याची रीत तुलनेने नवी आहे.

निजामाच्या राज्यातील जालना येथे रेव्ह. नारायण शेषाद्री यांनी १८६० च्या दशकात स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे काम सुरू केले. जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वस्ती त्यांनीच उभारली आणि तिच्यात प्रामुख्याने मातंग व महार समाजांतील कुटुंबे आली. औरंगाबादेत (आता छत्रपती संभाजीनगर) याच सुमारास चर्च मिशनरी सोसायटीच्या वतीने रतनजी नौरोजी यांचे काम चालू होते. ब्राह्मण कुळातील शेषाद्री आणि पारशी कुळातील नौरोजी हे दोघेही याच देशाचे असल्यामुळे, मराठवाड्यातील मिशनकार्य केवळ गोऱ्या पाद्र्यांनी केले हा समज बरोबर नाही. शेषाद्री १८७३ मध्ये न्यूयॉर्क येथील इव्हँजेलिकल अलायन्सच्या परिषदेलाही उपस्थित होते. या दोन्ही परंपरांचा वारसा १९७० मध्ये नागपूर येथे स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियाकडे आला, तर रोमन कॅथलिक पंथाचा औरंगाबाद धर्मप्रांत १९७७ मध्ये स्थापन झाला. विवाहित मिशनरी ही प्रामुख्याने प्रॉटेस्टंट परंपरेतील प्रथा असल्याने प्रस्तुत नोंद तिच्यापुरती आहे.

दांपत्याने मिळून सेवा करण्याचा जुना दाखला बायबलमधील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात आढळतो. रोममधून बाहेर पडावे लागलेले अक्विला व प्रिस्किल्ला हे जोडपे करिंथात तंबू करण्याचा व्यवसाय करीत होते, पौल त्यांच्याच घरी राहिला आणि पुढे अपुल्लोसासारख्या विद्वानाला त्या दोघांनी मिळून शिकवले. आधुनिक मिशनच्या इतिहासात मात्र पत्नीकडे पुष्कळदा सोबतीण म्हणूनच पाहिले गेले. अमेरिकन बोर्ड या मिशनरी पाठवणाऱ्या संस्थेच्या पहिल्या तुकडीतील अडोनिराम व अ‍ॅन जडसन यांचे लग्न ५ फेब्रुवारी १८१२ रोजी झाले आणि १९ फेब्रुवारीला त्यांचे जहाज सुटले. त्याच जहाजावरील हॅरिएट नेवेल त्या वर्षाच्या नोव्हेंबरात मॉरिशस येथे वयाच्या १९ व्या वर्षी मरण पावल्या. याच तुकडीतील गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ मध्ये मुंबईला पोहोचले व अमेरिकन मराठी मिशनचा प्रारंभ झाला. मराठीचे व्याकरण (१८०५) छापणारे विल्यम कॅरी यांच्या पत्नी डोरोथी मुळात भारतात येण्यास राजी नव्हत्या. आग्रहामुळे त्या १७९३ मध्ये आल्या, पुढल्याच वर्षी त्यांचा मुलगा दगावला आणि १८०७ मध्ये मृत्यू येईपर्यंतची बरीच वर्षे त्यांनी मानसिक आजारात काढली. याउलट १८२९ मध्ये मुंबईस आलेल्या मार्गारेट विल्सन यांनी पती जॉन विल्सन यांच्याबरोबरच मराठीचा अभ्यास केला आणि मुलींच्या शाळा चालवल्या. १८३५ मध्ये त्यांचे निधन झाले, परंतु तेवढ्या अल्प काळातील त्यांचे काम स्वतंत्रपणे नोंदले गेले.

या इतिहासामुळे आज जबाबदार संस्था पती व पत्नी यांच्या मुलाखती आधी वेगवेगळ्या आणि मग एकत्र घेतात. पाचारण दोघांनाही स्पष्ट झाले आहे का, एकाच्या उत्साहापुढे दुसऱ्याने मान तुकवली आहे का, मतभेद झाल्यास निर्णय कसा होतो, कर्ज किती आहे, असे प्रश्न त्यांत असतात. मराठवाड्यात पत्नीची संमती गृहीत धरण्याची सवय अजून गेलेली नाही. ‘तो जाणार म्हणजे ती जाणारच’ असे मंडळीतील वडीलजनही सहज बोलून जातात. पूर्वतयारीतील सर्वांत मोठी उणीव हीच आहे, कारण परक्या गावात बाजारहाट, शेजार, दवाखाना आणि मुलांची शाळा यांतून समाजाशी पहिला संबंध बहुधा तिचा येतो आणि भाषेचे शिक्षण मात्र आधी त्याला दिले जाते. पत्नीसाठी स्वतंत्र प्रशिक्षण, स्वतंत्र कामाची व्याख्या आणि घरकामातून मोकळे केलेले अभ्यासाचे तास हे सोयीचे विषय नसून निवडीच्या अटी असल्या पाहिजेत.

घरची व्यवस्था हा येथील तयारीचा दुसरा कठीण भाग होय. पावसावर अवलंबून असलेली थोडी जमीन, सोसायटीचे कर्ज, थकलेले आईवडील आणि लग्नाची बहीण अशी स्थिती असलेल्या घरातून मुलगा-सून परदेशी जाणे म्हणजे भावकीच्या दृष्टीने जबाबदारी टाकणे ठरू शकते. म्हणून आईवडिलांशी पाळकसाहेबांच्या (मंडळीच्या पाद्र्यांच्या) उपस्थितीत बोलणे, त्यांच्या औषधपाण्याचा खर्च कोण पाहणार हे ठरवणे, सातबाऱ्यावरील नावे नीट करून घेणे आणि विश्वासातील नातेवाइकाच्या नावे कुलमुखत्यारपत्र करणे ही कामे प्रार्थनेइतकीच तयारीचा भाग मानली पाहिजेत. कर्ज फिटेपर्यंत प्रस्थान लांबवणे हा अविश्वास नव्हे. बुरूज बांधण्याआधी बसून खर्चाचा हिशेब करावा, असे लूककृत शुभवर्तमानाचा चौदावा अध्यायच सांगतो.

धर्मशास्त्राच्या शिक्षणासाठी मराठी उमेदवार बहुधा पुण्याच्या युनियन बिब्लिकल सेमिनरीसारख्या संस्थेत जातात. ही संस्था पूर्वी यवतमाळला होती आणि १९८३ मध्ये पुण्यास आली. बंगळूर येथील इंडियन इव्हँजेलिकल मिशन (स्थापना १९६५) सारख्या भारतीय संस्था आंतरसांस्कृतिक सेवेसाठी उमेदवार घडवतात. भाषेच्या बाबतीत मराठवाड्यातील उमेदवाराची पार्श्वभूमी उपयोगी असते. देगलूर-बिलोली भागात तेलुगू, उदगीर-उमरगा पट्ट्यात कन्नड आणि शहरांतून दखनी उर्दू लहानपणापासून कानांवर पडत असल्याने दुसऱ्याच्या बोलीत चुकत-माकत बोलण्याचा संकोच येथे कमी असतो. तरीही पद्धतशीर सराव लागतोच. उमेदवाराने एका भाषासाथीबरोबर (ती भाषा बोलणाऱ्या सोबत्याबरोबर) बसावे, भांडी, भाजी, कपडे अशा समोरच्या वस्तू दाखवून त्यांची नावे विचारावीत, ऐकलेले ध्वनिमुद्रित करून पुनःपुन्हा म्हणावे आणि पहिले काही आठवडे लिपीला हात लावू नये, असा एक प्रचलित क्रम आहे. मराठीत स्वराच्या चढउताराने शब्दाचा अर्थ बदलत नाही. आग्नेय आशियातील अनेक भाषांत तो बदलतो, म्हणून तिकडे जाणाऱ्यांनी कानाची तयारी आधीच करावी.

कागदपत्रांमध्ये महाराष्ट्रातील दांपत्यांना हमखास अडवणारी बाब म्हणजे पत्नीचे नाव. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर वडिलांचे नाव व माहेरचे आडनाव, आधारकार्डावर पतीचे नाव व सासरचे आडनाव, आणि मंडळीच्या विवाह नोंदवहीत एखाद्या अक्षराचा फरक, अशी तीन रूपे असली की व्हिसाची प्रक्रिया थांबते. त्यामुळे आवश्यकतेनुसार राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून पासपोर्ट त्यानुसार घ्यावा. भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा, १८७२ नुसार झालेल्या विवाहाच्या दाखल्यावर अनेक देशांसाठी राज्य शासनाचे साक्षांकन व परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टिल (परदेशात ग्राह्य धरले जाणारे प्रमाणीकरण) लागते.

यजमान देशाचा कायदा जाणून घेणे हे नैतिक कर्तव्यही आहे. भारतीय नागरिकाला नेपाळमध्ये जाण्यास व्हिसा लागत नाही, परंतु तेथील २०१८ पासून लागू झालेल्या फौजदारी संहितेनुसार धर्मांतर घडवणे हा गुन्हा आहे आणि दोषी परदेशी व्यक्तीला शिक्षेनंतर देशाबाहेर काढले जाते. पर्यटक व्हिसावर जाऊन वर्षानुवर्षे काम करणे, किंवा नावापुरता व्यवसाय दाखवून तो न करणे, हे ख्रिस्ती साक्षीला (आपल्या जीवनातून विश्वास दाखवण्याला) बाधक असून स्थानिक विश्वासीयांना संकटात टाकणारे आहे. शिक्षक, परिचारिका वा कृषितज्ज्ञ म्हणून जाणाऱ्याने ते काम मनापासून व दर्जेदार केले पाहिजे.

निधी उभारताना दांपत्य आपल्या व शेजारच्या मंडळ्यांत साक्ष देते, म्हणजे आपल्या विश्वासाचा व पाचारणाचा अनुभव सांगते, आणि कुटुंबे मासिक मदतीचे वचन लिहून देतात. सोयाबीन-कापसाच्या पैशावर चालणाऱ्या गावातील मंडळीला दरमहा रक्कम देणे जड जाते. तेथे सुगीनंतरच्या हंगामाच्या उपासनेत वर्षाचे अर्पण एकदम घेऊन संस्थेने ते बारा महिन्यांत विभागणे अधिक व्यवहार्य ठरते. परदेशात पैसे पाठवण्यास परकीय चलन व्यवस्थापन कायदा, १९९९ (फेमा) लागू असल्याने हे व्यवहार वैयक्तिक खात्यांतून परस्पर न करता लेखापालाच्या सल्ल्याने करावेत.

आरोग्याच्या तयारीत दंतचिकित्सेपासून मानसिक आरोग्याच्या तपासणीपर्यंत सर्व येते. आफ्रिका व दक्षिण अमेरिकेतील अनेक देशांसाठी पीतज्वराची लस आवश्यक असते. तिचे प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी ग्राह्य धरले जाते व २०१६ पासून ते आजीवन वैध आहे. ही जिवंत लस असल्याने गरोदरपणात ती सहसा टाळतात, म्हणून अपत्याचा विचार करणाऱ्या दांपत्याने वेळापत्रक डॉक्टरांशी बोलून ठरवावे. मुलांच्या बाबतीत शाळेचे माध्यम हा प्रश्न प्रस्थानापूर्वीच सोडवावा लागतो. घरात मराठी बोलणे चालू ठेवले नाही, तर सुटीत आलेल्या नातवंडांना आजीशी बोलता येत नाही आणि परतल्यावर त्यांचे नाते तुटक राहते.

अखेरीस रविवारच्या उपासनेत पाठवणीचा विधी होतो. अंत्युखियाच्या मंडळीने बर्णबा व शौल यांच्यावर हात ठेवून त्यांना पाठवले, त्या प्रसंगाचे वाचन करून पाळक व वडीलजन गुडघे टेकलेल्या पती-पत्नीच्या मस्तकांवर हात ठेवतात. त्यानंतर दोन-तीन जणांची एक समिती नेमली जाते. दांपत्याची पत्रे मंडळीत वाचून दाखवणे, त्यांच्या आईवडिलांची विचारपूस करणे आणि ते पहिल्या रजेवर येतील तेव्हाच्या राहण्याची सोय करणे ही तिची कामे असतात.