बदामाची पातळ कुरकुरीत बिस्किटे

मैदा, साखर, बटर आणि बदामाचे काप यांची लादी फ्रिजमध्ये घट्ट करून, तिचे २ ते ३ मिमी. जाडीचे काप कापून, ते पुरते कोरडे होईपर्यंत भाजले की ही बिस्किटे होतात. मराठीत बिस्किटाच्या पोताला दोन वेगळे शब्द आहेत आणि त्या दोहोंतला फरक कळला की या पदार्थाचे निम्मे काम झाले. नानकटाई खुसखुशीत असते. तिच्यात भरपूर तुपामुळे मैद्याचे कण एकमेकांना धरत नाहीत, म्हणून दाबली की तिचा भुगा होतो. बदामाचे पातळ बिस्किट कुरकुरीत असते. ते दाबले तर चुरत नाही, वाकत नाही, कट्‌कन तडकते. हा गुण तुपातून येत नाही. पिठातले जवळजवळ सगळे पाणी निघून गेल्यावर वितळलेली साखर थंड होता होता काचेसारखी घट्ट होते, त्यातून तो येतो. चिक्कीतही हेच घडते, फक्त तिथे पीठ नसते. नानकटाईच्या सवयीने स्निग्धांश वाढवला, जाड थापले आणि रंग येण्याआधी बाहेर काढले, तर ही बिस्किटे हटकून फसतात.

प्रकार व परंपरा : बेल्जियममध्ये बदामाचे असे पातळ काप ‘आमांडेलब्रोड’, म्हणजे बदामाचा पाव, या नावाने विकले जातात. फ्रान्समधील ‘त्वील’ हा जवळचा नातेवाईक. त्या शब्दाचा अर्थ कौल. अंड्याचा पांढरा बलक, साखर, थोडा मैदा आणि वितळवलेले बटर यांचे पातळ मिश्रण तव्यावरच्या धिरड्यासारखे पसरून भाजतात आणि गरम असतानाच त्याला अर्धगोल बाक देतात. जुन्या घरांवरची नळीची कौले ज्यांनी पाहिली आहेत त्यांना आकार वेगळा समजवावा लागणार नाही. घरात बाक देण्यासाठी लाटणे पुरते. मात्र ओव्हनमधून काढल्यावर हातात जेमतेम १५ ते २० सेकंद असतात, म्हणून एका वेळी चार-पाचच भाजावीत. या नोंदीत पुढे लादी कापून केलेल्या, बिनअंड्याच्या बिस्किटांचा विचार केला आहे. घरगुती ओव्हनला तीच जास्त मानवतात.

पुण्याला बिस्किटाची गोडी लावण्यात लष्कर भागातल्या इराणी बेकऱ्यांचा वाटा मोठा आहे. ईस्ट स्ट्रीटवरील कयानी बेकरी १९५५ सालची. तिथली श्रूजबेरी बिस्किटे गावोगाव भेट म्हणून जातात. त्यांचे नाव इंग्लंडमधील श्रूझबरी गावावरून पडले. श्रूजबेरी लोणीदार आणि खुसखुशीत, म्हणजे नानकटाईच्या कुळातली. घरात ओव्हन नव्हते तेव्हा सुटीत किंवा दिवाळीआधी मैदा, तूप, साखर डब्यात घेऊन पेठेतल्या बेकरीत जायचे आणि नानकटाई भाजून आणायची, ही रीत पुण्यात सर्रास होती. पातळ बिस्किटाला असे दुसऱ्याच्या भट्टीवर सोपवणे चालत नाही. दोन मिनिटांच्या फरकाने ते करपते, त्यामुळे ओव्हनच्या काचेसमोर स्वतः थांबावे लागते.

घटक : मैदा १७० ग्रॅम, जाड दाण्याची साखर १३० ग्रॅम, बटर ६५ ग्रॅम, पाणी ४० मिली., बदामाचे काप ६० ग्रॅम, खाण्याचा सोडा पाव चहाच्या चमच्याच्या निम्मा, दालचिनीची किंवा वेलचीची पूड चवीपुरती. एवढ्यात ६५ ते ७० बिस्किटे होतात. वाटीच्या मापाने हा पदार्थ करू नये. मैदा वाटीत दाबून भरला की सैल भरला यावर वजन बरेच बदलते, आणि इतक्या पातळ बिस्किटात तेवढा फरकही जाणवतो. पाचशे रुपयांच्या आतबाहेर मिळणारा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा इथे महागड्या साच्यापेक्षा जास्त उपयोगी आहे.

साखर दाणेदारच हवी. किराणा दुकानात एम-३० म्हणून ओळखली जाणारी प्रत चांगली. एस-३० तिच्याहून बारीक असते. पिठीसाखरेने बिस्किट एकजीव आणि मऊसर होते, तडकत नाही. गूळ घालायचा असेल तर साखरेच्या पाव हिश्शापर्यंतच घालावा. गुळात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज मोकळे असतात. ते हवेतली ओल ओढतात आणि बिस्किटे लवकर सादळतात. मधाचेही तसेच.

बाजारच्या टेबल बटरमध्ये किमान ८० टक्के स्निग्धांश असतो, उरलेल्यात बहुतेक पाणी आणि थोडे मीठ. म्हणून वेगळे मीठ घालायला नको. तुपात करायची असतील तर ५२ ग्रॅम तूप घ्यावे आणि पाणी १० मिली. वाढवावे. नुसते ६५ ग्रॅम तूप घातले की स्निग्धांश वाढतो, पाणी कमी पडते आणि पुन्हा नानकटाईच हाती येते. घरी सायीपासून काढलेल्या लोण्यात पाणी आणि ताकाचा अंश किती राहिला याचा भरवसा नसतो. ते कढवून तूप म्हणूनच वापरावे.

बदाम साधेच घ्यावेत. महागडा मामरा इथे वाया जातो, कारण त्याचे तेल आणि चव भाजण्यात मागे पडते. सुकामेवा रविवार पेठेत किंवा मार्केट यार्डाच्या भुसार विभागात घाऊक भावाने मिळतो. घेताना एक बदाम चावून खवट नाही ना ते पाहावे. काप घरी करणे उत्तम. बदाम दहा मिनिटे गरम पाण्यात ठेवले की साल सुटते आणि गर नरम होतो, मग तुळशीबागेत मिळणाऱ्या काप काढायच्या किसणीवर किंवा धारदार सुरीने आडवे पातळ काप निघतात. हे काप पंख्याखाली तीन-चार तास पसरून पूर्ण वाळवावेत. ही पायरी फार जण गाळतात. ओले काप घातले की त्यांच्यातले पाणी बिस्किटाच्या पोटात अडकते, आणि कडा खमंग झाली तरी मधला भाग चामट राहतो.

कृती : साखर, बटर आणि पाणी जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर ठेवावे. बटर वितळताच उतरवावे, उकळी येऊ देऊ नये. चमच्याने ढवळताना तळाशी साखरेची करकर ऐकू आली पाहिजे. ४० मिली. पाण्यात ८० ग्रॅमच्या आसपास साखर विरघळते, बाकीची दाण्याच्या रूपात उरते. ओव्हनच्या उष्णतेने हे दाणे नंतर विरघळतात, तेव्हा काप किंचित पसरतो आणि त्याला बारीक जाळी पडते. उकळी फुटली तर सगळी साखर आधीच विरघळून पाक होतो, पाणीही उडते, आणि गोळा चिक्कीच्या मिश्रणासारखा चिवट होऊन बसतो. तो परत सुधारता येत नाही.

मिश्रण कोमट झाले की मैदा आणि सोडा एकत्र चाळून घालावा, मग काप आणि दालचिनी. उलथन्याने कोरडे पीठ दिसेनासे होईपर्यंतच हलवावे. कणकेसारखे मळू नये. मळल्याने मैद्याला ताण येतो, काप भाजताना आक्रसतात आणि बिस्किट कुरकुरीत न होता कडक होते. गोळा या वेळी सैल आणि चिकट दिसतो. घाबरून मैदा वाढवू नये, थंड झाल्यावर बटर आपोआप थिजते.

बटर पेपर लावलेल्या लांबट साच्यात गोळा दाबून भरावा. लादी ६ सेंमी. रुंद, ३.५ सेंमी. उंच आणि सुमारे १८ सेंमी. लांब असावी. कोपऱ्यात पोकळी राहिली तर तिथे काप तुटतो, म्हणून साचा ओट्यावर दोन-तीनदा आपटावा. फ्रिजमध्ये रात्रभर ठेवावे. घाई असेल तर फ्रीजरमध्ये दीड ते दोन तास.

कापणे हा या पदार्थाचा खरा कस आहे. सुरी लांब आणि धारदार हवी, दातेरी नको, कारण दाते बदामाचे काप ओढून काढतात. सुरी पुढेमागे न घासता एका दाबात खाली न्यावी. लादी फ्रीजरमधून काढली असेल तर ती ठिसूळ असते आणि काप फुटतात. ८ ते १० मिनिटे बाहेर ठेवून मग कापावी. एप्रिल-मेमध्ये पुण्यात दुपारी पारा ३८ ते ४० अंशांवर असतो, तेव्हा अर्धी लादी फ्रिजमध्ये ठेवून अर्धीच कापावी, तीही सकाळी. जाडीची सोपी परीक्षा : १० काप एकावर एक ठेवले की चवड २.५ सेंमी. भरावी. सगळे काप हवे त्याहून थोडे जाड झाले तरी चालते, पण एका पत्र्यावर दोन जाडीचे काप नकोत. पातळ करपेपर्यंत जाड कच्चे राहतात.

ओव्हन १६०° से. वर १५ मिनिटे आधी तापवावा. घरगुती ओटीजीची खूण आणि आतले तापमान यांत १५ ते २० अंशांचा फरक सहज असतो. आत ठेवायचा छोटा तापमापक असेल तर तो प्रश्न मिटतो. काप बटर पेपरवर दोन-दोन सेंमी. अंतराने मांडावेत, पत्रा मधल्या खणात ठेवावा आणि वरची-खालची दोन्ही कॉइल चालू ठेवावीत. आठ-नऊ मिनिटांनी कडा रंगू लागल्या की पातळ उलथन्याने काप उलटावेत, पत्रा फिरवून ठेवावा आणि आणखी ६ ते ८ मिनिटे भाजावे. उलटल्याने खालच्या बाजूची वाफ सुटते. दोन्ही बाजूंना सारखा बदामी रंग आला पाहिजे, केवळ कडेला नव्हे.

गरम बिस्किट हाताला मऊच लागते, त्यावरून ते कच्चे आहे असे ठरवू नये. एक नमुना बाहेर काढून तीन मिनिटांनी मोडून पाहावा. काट्यावरची परीक्षा आणखी पक्की : वरच्या प्रमाणातला ४६५ ग्रॅमचा गोळा भाजून ४०० ग्रॅमच्या आसपास येतो, म्हणजे वजन साधारण सातव्या हिश्शाने घटते. एका पत्र्यावरच्या कापांचे वजन भाजण्याआधी आणि नंतर घेतले आणि घट दहा टक्क्यांतच अडकली असेल, तर रंग कितीही सुरेख असो, आत पाणी आहे.

कन्व्हेक्शन मायक्रोवेव्हमध्ये पंख्यामुळे रंग लवकर चढतो. तिथे १५०° से. ठेवावे. मीठ पसरलेल्या कुकरमध्ये नानकटाई जमते, ही बिस्किटे सहसा जमत नाहीत. कुकरमध्ये उष्णता फक्त खालून येते आणि झाकणाखाली वाफ कोंडते, तर इथे ती बाहेर जाणे हेच मुख्य काम आहे. दुसरा उपायच नसेल तर झाकण किंचित तिरके ठेवून दर चार मिनिटांनी उलटत राहावे.

बिघाड व कारणे : काप पसरून एकमेकांना चिकटले तर लादी नरम असताना कापली, किंवा गरम पत्र्यावरच दुसरी खेप मांडली. अनारसा हसतो तसे बिस्किट विरून जाळी-जाळी झाले तर साखर किंवा बटर जास्त पडले. रंग लवकर गडद आणि चव साबणासारखी, तर सोडा जास्त. अल्कलीने रंग येण्याची क्रिया वेगाने होते आणि पाणी उडायच्या आधीच बिस्किट झाले असे वाटते. बदाम करपले पण पीठ पांढरे, तर वरची कॉइल प्रखर आहे, पत्रा एक खण खाली घ्यावा. कागदाला चिकटली तर ती अजून गरम आहेत. दोन मिनिटे थांबले की आपसूक सुटतात.

सर्वांत जास्त तक्रार सादळण्याची असते. जुलै-ऑगस्टमध्ये पुण्याची हवा इतकी दमट असते की उघड्या ताटलीतले बिस्किट तासा-दोन तासांत नरम पडते. बिस्किटे जाळीवर पूर्ण निवू द्यावीत, पण निवल्यावर एक मिनिटही बाहेर ठेवू नयेत. कोमट असताना भरली तर त्यांचीच वाफ डब्यात कोंडते. एका मोठ्या डब्याऐवजी घट्ट झाकणाचे दोन-तीन छोटे डबे बरे, म्हणजे रोज उघडला जाणारा एकच राहतो. केक किंवा खारी त्याच डब्यात ठेवू नये, केकची ओल बिस्किटांत उतरते. सादळलेली बिस्किटे टाकून देऊ नयेत : १४०° से. वर पाच-सहा मिनिटे ठेवली की पुन्हा तडकतात. थंडीत आणि दिवाळीच्या कोरड्या हवेत नीट बंद केलेली बिस्किटे तीन आठवडे उत्तम राहतात. न भाजलेली लादी कागदात आणि पिशवीत गुंडाळून फ्रीजरमध्ये दोन महिने टिकते, त्यामुळे पावसाळ्यात लागतील तेवढीच कापून भाजणे शहाणपणाचे.

इतर सुकामेवा : पिस्ते बदामासारखेच वापरता येतात, फक्त हिरवा रंग टिकवायचा तर १५०° से. वर सावकाश भाजावेत. काजू लवकर तांबूस होतो आणि मुळात मऊ असल्यामुळे कुरकुरीत पोतात त्याची भर कमी. अक्रोडाची साल कडवट असते, तेलही लवकर खवट होते; ती बिस्किटे आठवड्यात संपवावीत. शेंगदाणे आधी भाजून, सोलून, पाखडून, जाडसर भरडावेत. कूट फार बारीक झाले तर तेल सुटते आणि लादी तेलकट होते. शेंगदाण्याबरोबर पाव हिस्सा गूळ आणि चिमूटभर सुंठ चांगली लागते. बदाम किंवा काजूची ॲलर्जी असलेल्यांना शेंगदाण्याचे बिस्किट चालेलच असे नाही. शेंगदाणा वनस्पतिशास्त्रानुसार द्विदल धान्याच्या कुळातला असला तरी अनेकांना दोन्ही बाधतात. त्यामुळे भेट देताना डब्यावर आतला सुकामेवा लिहावा आणि दोन प्रकारांसाठी एकच सुरी न धुता वापरू नये.